अंगावर काढलेले दुखणे

आपल्या मराठीत 'दुखणे अंगावर काढणे' असा एक वाक्प्रयोग आहे. त्रास होत असताना कोणाला न सांगता, औषधपाणी न करता, नित्याची कामे करीत दिवस ढकलणे, असा त्याचा अर्थ. हा वाक्प्रयोग आपण दोन निरनिराळ्या सुरांत वापरतो. डॉक्टर तो रागाने वापरतात : "इतके दिवस अंगावर का काढलंत?" आणि आपण तो निवर्तलेल्या माणसाविषयी, विशेषतः आईविषयी, कौतुकाने वापरतो : "तिने सारे अंगावर काढले, पण कधी कुणाला त्रास दिला नाही." एकाच वागण्याची दवाखान्यात निर्भर्त्सना व्हावी आणि घरी, स्मशानभूमीत, स्मरणसभेत स्तुती व्हावी, हे कोडे मला पुष्कळ वर्षे कोडे म्हणून जाणवलेही नव्हते. ते जाणवून दिले माझ्या आईच्या आजारपणाने.

गोष्ट आठ-नऊ वर्षांपूर्वीची. आमच्या शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. २०२३ साली ते अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले. आईचे वय बहात्तर. रविवारच्या मिस्साला ती चालत जाई, आणि सोबत येणाऱ्याला तिच्या चालीशी जुळवून घेताना धाप लागे. त्या वर्षी मात्र ती वाटेतल्या लिंबाच्या पारावर बसू लागली. प्रथम एकदा, मग दोनदा. पावले सुजत. चेहरा पांढुरका दिसे. "वयच झालं आता," असे ती म्हणे, आणि ते उत्तर आम्हा सर्वांना सोयीचे होते.

अखेर एका रुग्णालयात तिला नेले. हृदयाचा आलेख काढला, छातीचा एक्स-रे काढला, सोनोग्राफीसारख्या यंत्राने हृदयाचे ठोके पडद्यावर पाहिले. हृदय ठीक होते. रक्तात हिमोग्लोबिन ६.८ होते. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले. आकडा जागचा हलला नव्हता. गोळ्या बदलल्या. फाईल जाड होत गेली. मला येथे कोणाला दोष द्यावयाचा नाही. तेथील डॉक्टर सौजन्याने वागले, आणि केलेली प्रत्येक चाचणी अचूक होती.

मग कोणीतरी एका वयोवृद्ध फिजिशियनांचे नाव सुचविले. ते निवृत्त होते व संध्याकाळी दोन तास घरीच रुग्ण पाहत. आम्ही गेलो. मी फाईल पुढे केली व आईची हकिगत सांगू लागलो. त्यांनी फाईल बाजूला ठेवली आणि मला म्हणाले, "ती मी नंतर बघतो. तुम्ही नका सांगू, आजींना बोलू द्या." मग आईकडे वळून विचारले, "आजी, दिवस कसा जातो तुमचा? सकाळी उठल्यापासून सांगा."

आई संकोचून बोलू लागली. उठते, प्रार्थना करते, चूल... म्हणजे गॅस पेटवते, चहा घेते, चहाबरोबर गोळी घेते.

"कसली गोळी?"

"गुडघ्याची. मेडिकलमधून आणते. तिच्याशिवाय गुडघे टेकता येत नाहीत मला."

"कधीपासून?"

"नातीचा प्रथम ख्रिस्तप्रसाद झाला ना, तेव्हापासून. आधी एक घेत होते, आता दोन लागतात."

नातीच्या त्या समारंभाला दीड वर्ष होऊन गेले होते. दीड वर्ष माझी आई उपाशीपोटी, चहाच्या घोटाबरोबर, वेदनाशामक गोळी घेत होती, आणि एकाच छपराखाली राहणाऱ्या मला ते ठाऊक नव्हते. डॉक्टरांनी मला बाहेर बसण्यास सांगितले. पुढचे मला आईकडून कळले. त्यांनी शौचाचा रंग विचारला. ती म्हणाली, काळा, डांबरासारखा. त्यांनी विचारले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर, की त्याआधीपासून? ती म्हणाली, आधीपासून. पाऊस लागला तेव्हापासून.

त्यानंतर त्यांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, जीभ पाहिली, नखे पाहिली, तळहात उलगडून त्यावरच्या रेषा पाहिल्या. नाडी पूर्ण मिनिटभर मोजली. पाऊल अंगठ्याने दाबून खळगा पडतो का ते पाहिले. पोटावर हात ठेवून बेंबीच्या वर हळूच दाबले तेव्हा आईने श्वास आवरला. हे सारे वीस मिनिटांत आटोपले. मग त्यांनी एकच तपासणी लिहून दिली : दुर्बिणीने जठर पाहण्याची. जठरात व्रण होता आणि त्यातून महिनोन्‌महिने थोडे थोडे रक्त झिरपत होते. गुडघ्याच्या गोळ्या बंद झाल्या, व्रणावर उपचार झाले, दोन पिशव्या रक्त द्यावे लागले. तीन महिन्यांनी आई पारावर न बसता मिस्साला गेली. त्यानंतर ती पाच वर्षे जगली.

या घटनेवर मी पुष्कळ विचार केला आहे. रक्त किती उरले आहे, हे यंत्राने दशांशापर्यंत अचूक सांगितले होते. ते गेले कोठे, हे यंत्र सांगू शकत नव्हते. कारण ते त्याला कोणी विचारलेच नव्हते. त्यातही एक मेख होती. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो. म्हणजे एकाच खुणेचे दोन अर्थ : एक निरुपद्रवी, दुसरा जीवघेणा. त्यांतला कोणता खरा, हे 'आधी की नंतर' या दोन शब्दांवर ठरले. आणि ते 'आधी' साठवून ठेवलेले होते एकाच जागी, माझ्या आईच्या स्मरणात.

रोग्याला विचारून, पाहून, हात लावून निदान करण्याची ही विद्या जुनीच आहे. वाग्भटाने रोगी तपासण्याचे तीन मार्ग सांगितले आहेत : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. पाश्चात्त्य वैद्यकाने त्यांत आपली भर घातली. ऑस्ट्रियातील लिओपोल्ड औएनब्रुगर हा एका खानावळवाल्याचा मुलगा. छातीवर बोटांनी ठोकून आतील स्थिती ओळखण्याची रीत त्याने १७६१ साली ग्रंथरूपाने मांडली. दारूचे पिंप किती भरले आहे हे ठोकून ओळखण्याची पद्धत त्याने वडिलांकडे पाहिली होती, असे सांगतात. फ्रान्समधील रने लाएनेक हा श्रद्धावान कॅथलिक डॉक्टर. १८१६ साली पॅरिसमध्ये एक तरुण स्त्री त्याच्याकडे हृदयाच्या त्रासासाठी आली. छातीला कान लावून ऐकणे त्याला प्रशस्त वाटेना. त्याने कागदाची सुरळी करून एक टोक तिच्या छातीवर व दुसरे आपल्या कानाशी धरले, आणि ठोके पूर्वीपेक्षाही स्पष्ट ऐकू आले. स्टेथॉस्कोपचा जन्म हा असा एका स्त्रीची लाज राखण्यातून झाला. या साधनाने क्षयाच्या छातीतील आवाज जगाला समजावून सांगणारा लाएनेक १८२६ साली, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, क्षयानेच गेला.

ही विद्या आता कालबाह्य झाली, असे म्हणावे तर अनुभव वेगळे सांगतो. १९७५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हॅम्प्टन व त्यांच्या सहकाऱ्यांचा एक छोटा पण पुढे सतत उल्लेखिला गेलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी ८० नव्या बाह्यरुग्णांचे निदान कोणत्या पायरीवर झाले ते नोंदविले. ६६ जणांच्या बाबतीत आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचून व रुग्णाची हकिगत ऐकून केलेले निदानच अखेरपर्यंत टिकले. अंग तपासल्याने आणखी ७ जणांचे निदान ठरले आणि प्रयोगशाळेच्या चाचण्यांनी आणखी ७ जणांचे. त्यानंतरच्या अर्धशतकात यंत्रे किती तरी पुढे गेली. परंतु कोणते यंत्र कोणाला लावावे, हे अजूनही हकिगतीवरूनच ठरते.

आमच्या शहरात ही विद्या शिकविण्याचे मोठे स्थान म्हणजे १९५६ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय. सारा मराठवाडा त्याला 'घाटी' या नावाने ओळखतो. खेड्यापाड्यांतून रात्रीच्या एस.टी.ने निघालेली माणसे सकाळी तेथे केसपेपरच्या रांगेत उभी असतात. त्यांची भाषा पाठ्यपुस्तकात नसते. 'अंगात कसर आहे', 'जीव घाबरा होतो', 'डोळ्यांपुढं अंधारी येते', 'पोटात आग पडते', अशी ती बोलतात. 'कसर' म्हणजे संध्याकाळचा बारीक ताप, हे ज्या विद्यार्थ्याला उमगले आणि ज्याने पुढे "खोकला किती आठवड्यांचा?" असे विचारले, तो क्षयरोगाच्या दाराशी पोहोचला. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकी तपासावी, हा नियम साधा आहे. पण तो लागू करण्यासाठी आधी कोणीतरी आठवडे मोजावे लागतात. डॉक्टर ही विद्या ग्रंथालयात शिकत नाहीत. ती त्यांना वॉर्डातील गरीब माणसे शिकवितात. आपले दुखरे अंग पाच-सात अनोळखी तरुणांपुढे उघडे करून ती हे विद्यादान करतात, आणि या गुरूंचे नाव कोणत्याही प्रशस्तिपत्रावर येत नाही.

रुग्णाच्या खाटेशी बसून राहण्यातून काय घडू शकते, याचे एक उदाहरण आपल्याच मातीतील आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे भोकरदन तालुक्यातील देहेडचे. हा भाग पूर्वी औरंगाबाद जिल्ह्यात होता. १९८१ मध्ये जालना जिल्हा वेगळा झाला. १९७० च्या दशकात ते कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेथे लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे व मुले दगावत. अद्ययावत यंत्रे नव्हती. त्यांनी रुग्णाशेजारी बसून दंश केव्हा झाला, घाम केव्हा फुटला, हातपाय केव्हा गार पडले, धाप केव्हा लागली, हे तासातासाने टिपून ठेवले. त्या टिपणांतून हृदयावर व फुफ्फुसांवर काय आघात होतो ते त्यांना उमगले. रक्तदाबावरील प्राझोसिन या साध्या औषधाने पुढे असंख्य जीव वाचले. त्यांचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या जगन्मान्य नियतकालिकाने १९८० च्या दशकात छापले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्याआधी त्यासाठी तपासणी झाली होती केवळ ८ टक्क्यांची. हे आकडे वाचताना मला माझी आई आठवते. शंभरांतील ब्याण्णव स्त्रिया दुखणे अंगावर काढीत होत्या, आणि गावाच्या दृष्टीने त्या सर्व धडधाकट होत्या! याच दांपत्याने लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखण्यास गावातील अल्पशिक्षित माणसांना व दायांना शिकविले. मूल शांत असताना मिनिटभर श्वास मोजावयाचा. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले, तर धोका समजावयाचा. या गणनेला वीज लागत नाही. मुलाच्या उघड्या छातीकडे एक मिनिट टक लावून पाहण्याची तयारी मात्र लागते.

येथे कोणी आक्षेप घेईल, आणि तो योग्य असेल. माणसाची हकिगत ही काही देववाणी नव्हे. माणूस विसरतो, लपवितो, भीतीने फुगवून सांगतो. दारू किती घेता, या प्रश्नाचे खरे उत्तर किती जण देतात? शिवाय वाढलेला रक्तदाब, मधुमेह यांसारखे रोग कित्येक वर्षे मौन पाळतात. त्यांना सांगण्यासारखी हकिगतच नसते, आणि तेथे यंत्र व प्रयोगशाळाच माणसाला वाचविते. ऐकणाराही निर्दोष नसतो. बाईची छाती दुखली की 'मनाचे खेळ' म्हणून सोडून देणारे डॉक्टर ऐकत असतात. पण ऐकलेले खरे मानत नसतात. हे सर्व मला मान्य आहे. माझ्या आईचा व्रणही अखेर दुर्बिणीनेच पाहिला. यंत्र विरुद्ध माणूस असा हा वादच नव्हे. यंत्र साक्ष देते. पण कोणत्या साक्षीदाराला बोलवावे हे ठरविण्यासाठी आधी फिर्याद ऐकावी लागते.

आणि येथेच हा प्रश्न वैद्यकाचा न राहता नीतीचा होतो. 'तुम्हाला काय होते?' असे विचारणे म्हणजे समोरच्याला त्याच्या स्वतःच्या देहाविषयी अधिकारी साक्षीदार मानणे होय. न विचारणे म्हणजे ती साक्ष आधीच फेटाळणे. मार्कच्या शुभवर्तमानात यरीहोच्या वाटेवरील आंधळ्या बार्तीमयाची कथा आहे. तो ओरडू लागतो तेव्हा लोक त्याला गप्प करू पाहतात. येशू थांबतो, त्याला जवळ बोलावतो आणि विचारतो की, मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे? तो आंधळा आहे हे सर्वांना दिसत होते. तरीही प्रश्न विचारला गेला, आणि उत्तर त्याच्याच तोंडून येऊ दिले गेले. ही कथा मी लहानपणापासून ऐकली. परंतु त्या वृद्ध डॉक्टरांनी मला "तुम्ही नका सांगू" म्हटले, त्या संध्याकाळी मला कळले की या कथेत मी गर्दीतला आहे.

कारण दोष केवळ न विचारणाऱ्या डॉक्टरांचा नव्हता. ज्या बाह्यरुग्ण विभागात एका सकाळी शेकडो माणसे येतात तेथील डॉक्टरकडे प्रत्येकासाठी किती मिनिटे असणार? त्यांना वेळ मिळावा हा समाजाच्या न्यायबुद्धीचा प्रश्न आहे, आणि त्यासाठी आपण आग्रह धरला पाहिजे. पण माझ्याकडे तर दीड वर्ष होते! आईचे न सांगणे हा तिचा त्याग आहे, असे मी मानीत आलो. आज मला वाटते, त्या त्यागाची स्तुती करण्यात माझा स्वार्थ होता. ती बोलत नव्हती, म्हणून मला धावपळ करावी लागत नव्हती. ज्याच्या मौनाचा आपल्याला फायदा होतो त्याच्या मौनाला आपण चटकन सद्गुण म्हणतो. क्रूस उचलणे वेगळे, आणि आपल्या माणसाने आपल्यासाठी पोटातला व्रण लपविणे वेगळे. दुसऱ्यासाठी सोसण्याला अर्थ आहे. केवळ विचारणारे कोणी नाही म्हणून सोसण्याला कसला अर्थ?

रुग्णाचेही एक कर्तव्य आहे, हे येथे सांगितले पाहिजे. आपल्या देहाविषयी खरे सांगणे हा सत्यवचनाचाच एक भाग होय. लाजेने लपविलेली गोष्ट डॉक्टरला आडरानात नेते. म्हणून दवाखान्यात जाण्यापूर्वी काही साध्या गोष्टी कराव्यात. त्रास कधी सुरू झाला, आधी काय झाले आणि मागून काय, हे कागदावर लिहावे. तारीख आठवत नसेल तर सण, लग्न, पाऊस यांच्या आधाराने लिहावे. घरात चालू असलेल्या सर्व गोळ्या, दुकानातून आणलेल्या, शेजारणीने दिलेल्या, काढे व चूर्णेसुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. आणि सोबत गेलेल्याने रुग्णाचे तोंड होऊ नये. आपण सुनेसमोर किंवा मुलासमोर बोलू न शकणाऱ्या गोष्टी असतात. अशा वेळी न सांगता उठून बाहेर जाऊन बसावे. मी जर त्या दिवशी खोलीतच राहिलो असतो, तर काळ्या रंगाची ती गोष्ट आईने सांगितली असती, असे मला वाटत नाही.

आई बरी झाल्यावर मी तिला विचारले, "इतके दिवस सांगितलं का नाहीस?" ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तू रोज ऑफिसला जाताना विचारायचास ना, 'बरी आहेस ना?' म्हणून. मी 'हो' म्हणायचे."

"मग?"

"मग काय? तू जायचास."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली आहे. घरात कोणाला 'बरे आहे ना?' असे विचारले आणि 'हो' असे उत्तर आले, की मी तेथून लगेच उठत नाही. थोडा वेळ बसतो, आणि दुसरा प्रश्न विचारतो : "आज सकाळी उठल्यापासून काय काय केलंस, सांग बरं."